भरपूर फिरलेल्या दोघांचा मधुचंद्र: परदेशात नेमकं जावं कुठे?

नकाशावेडी

नमस्कार मंडळी. मेमध्ये लग्नानंतर आम्हा दोघांना साधारण दोन आठवड्यांची सुट्टी आहे. मधुचंद्र परदेशात, एवढं पक्कं. कुठे, यावर गाडी अडली आहे.

आम्ही दोघंही एकमेकांना भेटण्याआधीपासून खूप फिरलोय, आणि वेगवेगळीकडे. त्याने दक्षिण अमेरिका पाठीवर सॅक टाकून पालथी घातली आहे. आग्नेय आशिया आणि आइसलँडही झालंय. माझं काही कामानिमित्त, काही हौसेने पश्चिम युरोप, जपान, केनिया-टांझानिया आणि न्यूझीलंड. हनिमूनची कुठलीही यादी उघडली की तिथे आमच्यापैकी एकजण आधीच जाऊन आलेला असतो, नाहीतर दोघांनाही जावंसं वाटत नाही. पाण्यावरच्या खोलीत आठवडाभर पडून राहणं आम्हाला तिसऱ्या दिवशी जड होईल.

शिवाय एक खरा मतभेद आहे. जपान माझा फार जिव्हाळ्याचा देश आहे, मला तो त्याला दाखवायचाय. तो म्हणतो, ही एक सहल तरी दोघांनाही पूर्ण नवीन असलेल्या जागी व्हावी. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे निर्णय होत नाही.

अपेक्षा अशा: रोज बॅगा भरायच्या नाहीत. थोडं चालणं, डोंगर किंवा समुद्र हवा. गर्दी नको. खर्चाचं आम्ही बघून घेऊ, त्यावर चर्चा नको. ठिकाण सुचवताना ते का, हेही कृपया लिहा.

उनाडवारा

अभिनंदन! ठिकाणाआधी महिना बघू, कारण मे महिना अर्धी यादी आपोआप कापतो.

पातागोनियात तेव्हा हिवाळा तोंडावर असतो आणि बऱ्याच सोयी बंद होतात. किर्गिझस्तानचं सोंग-कुल सरोवर ३००० मीटरवर आहे, तिथले यर्ट (मेंढपाळांचे गोल तंबू) जूनपासून लागतात. ओमानमध्ये मेचं ऊन चालायला येणाऱ्यांसाठी नाही. मालदीवमध्ये पावसाळी वारे सुरू होतात. जॉर्जियातलं स्वानेती सुंदर आहे, पण वरच्या खिंडींत बर्फ असतो. स्लोव्हेनियाचा विचार असेल तर व्रशिच घाट (१६११ मीटर) काही वर्षी मेपर्यंत बंद राहतो. तरी प्रसिद्ध ब्लेड सरोवर सोडून शेजारच्या बोहिन्य सरोवराकाठी राहिलात तर गर्दी बरीच टळते, आणि सोचा नदी वितळत्या बर्फाने भरून वाहत असते. तो पाचूसारखा रंग फोटोत दिसतो तसाच प्रत्यक्षात आहे.

मेमध्ये ज्यांचा काळ खरंच चांगला असतो अशा जागा: नामिबिया, अझोर्स, फेरो बेटं, सेशेल्स, आणि सुट्ट्यांचा आठवडा संपल्यावरचं जपान.

सांजवेळ

मला ठिकाण सुचवायचं नाही, त्या मतभेदावर लिहायचंय. सगळा प्रश्न तिथेच आहे असं वाटतं.

आपली आवडती जागा जोडीदाराला दाखवायला नेलं की आपण नकळत यजमान होतो आणि तो पाहुणा. रस्ता आपल्याला माहीत, तिकीट आपण काढणार, कुठे काय करू नये हे आपण सांगणार. त्याहून अवघड म्हणजे आपल्याला जे भिडलं ते त्यालाही भिडावं अशी वाट आपण बघत राहतो. तो गप्प राहिला तर आपण खट्टू होतो. एरवीच्या सहलीत हे चालून जातं. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत दोघं एकाच पायरीवर असावेत: दोघांनाही भाषा येत नाही, दोघंही रस्ता चुकणार, दोघंही विचारत जाणार.

म्हणून माझं मत नवऱ्याच्या बाजूने. जपान कुठे पळून जात नाही.

चालतेबोलते

सांजवेळ यांचा मुद्दा कळतो, पण देश म्हणजे एक जागा नसते. जपानमध्ये तोक्यो-क्योतो झालेल्या माणसाला 'की' नावाचं द्वीपकल्प पूर्ण नवीन असतं. तिथल्या कुमानो कोदो या जुन्या तीर्थयात्रेच्या वाटा २००४ साली जागतिक वारसा यादीत आल्या. त्यातली 'नाकाहेची' ही वाट देवदारांच्या रानातून गावागावाने जाते. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा मिळते, त्यामुळे पाठीवर पाण्याची बाटली घेऊन चालायचं. शेवटी नाची धबधबा, १३३ मीटर.

वाटेत युनोमिने नावाचं गरम झऱ्यांचं छोटं गाव आहे. तिथे ओढ्याकाठी त्सुबोयु ही लाकडी खोपटातली स्नानाची जागा आहे, जेमतेम दोघांपुरती. पाळी लावून अर्ध्या तासासाठी ती फक्त तुमची. वारसा यादीतल्या झऱ्यात आपण दोघंच बसलोय, हे मधुचंद्राला शोभणारं आहे.

नकाशावेडी, तुम्ही या भागात गेला नसाल तर दोघांच्याही अटी पुऱ्या होतात. तारखा मात्र एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सलग सुट्ट्या टाळूनच घ्या, अख्खा देश तेव्हा प्रवासात असतो. आणि जूनचा पाऊस लागायच्या आत परता.

नकाशावेडी

की द्वीपकल्पात मी गेलेली नाही! हे दोघांनी बसून वाचलं. त्याला वाट आवडली, पण त्याचं म्हणणं असं की भाषा थोडी मला येते, रीतीभाती मला माहीत, म्हणजे सांजवेळ म्हणतात ती यजमानगिरी राहणारच. खरं सांगायचं तर मलाही ते नाकारता आलं नाही.

खगोलप्रेमी

मग नामिबिया. कारण देतो.

तुमच्यासारख्या लोकांची अडचण अशी की डोळ्यांना तुलनेची सवय लागलेली असते. धबधबा दिसला की आइसलँड आठवतं, डोंगर दिसला की अँडीज. तुलना जिथे थांबते अशी जागा शोधा. माझ्या मते ती जागा म्हणजे खरोखर काळं आकाश. नामिब वाळवंटाला लागून असलेल्या नामिबरँड अभयारण्याला २०१२ पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय' मान्यता आहे. मेमध्ये तिथे सूर्य लवकर मावळतो, हवा कोरडी असते, आणि संध्याकाळीच दक्षिण क्रॉस हा तारकासमूह उंच आलेला असतो. रात्र चढत जाते तशी आकाशगंगेची मधली, सर्वांत दाट बाजू वर येते. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा, पौर्णिमेला हे सगळं धुऊन जातं.

दिवसा सोसुसव्लेई. तांबड्या टेकड्यांच्या मधोमध डेडव्लेईची पांढरी जमीन आणि शेकडो वर्षांपूर्वी मेलेली, अजून उभी असलेली झाडं. पाऊस इतका कमी की ती कुजतही नाहीत. राहायला तिथल्या उद्यानाच्या सेस्रिएम फाटकाच्या आतली जागा घ्या. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाआधी तासभर सोडतात आणि तो तासच महत्त्वाचा. फाटकापासून टेकड्यांपर्यंत साठेक किलोमीटर जायचं असतं. शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू, तिथे फोर बाय फोर किंवा तिथली ने-आण करणारी गाडीच लागते.

देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा आणि वस्ती तीस लाखांच्या आसपास. गर्दीचा प्रश्नच नाही.

उनाडवारा

नामिबिया उत्तम, पण 'रोज बॅगा भरायच्या नाहीत' या अटीत ती बसवायला मन घट्ट करावं लागेल. एतोशा, स्वाकोपमुंड, सोसुसव्लेई, फिश रिव्हर असं सगळं घेतलंत तर मधुचंद्र खडीच्या रस्त्यावर गाडी हाकण्यात जाईल. फक्त दक्षिण-मध्य भाग घ्या, दोनच मुक्काम करा. टायर फुटतातच, त्यामुळे दोन जादा चाकं असलेली गाडी घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, जनावरं रस्त्यावर येतात.

निळाई

मी अझोर्सवर सविस्तर लिहिते, कारण उनाडवारा यांनी नुसतं नाव घेतलं आणि कोणी पुढे आलं नाही.

अटलांटिकच्या मध्यात पोर्तुगालची ही नऊ बेटं, लिस्बनपासून साधारण दीड हजार किलोमीटर पश्चिमेला. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. सर्वांत मोठं साओ मिगेल. तिथे सेते सिदादिशच्या विवरात जोडतळी आहेत, एक हिरवट, एक निळसर. फुर्नासच्या खोऱ्यात जमिनीतून वाफा येतात. तिथल्या तेरा नॉस्त्रा बागेतलं गरम पाण्याचं कुंड लोहामुळे पिवळट-तपकिरी आहे. पोहण्याचे कपडे गडद न्या, फिक्या कपड्यांवरचे डाग जात नाहीत. पश्चिम टोकाला फेरारिया इथे गरम झरा थेट समुद्रात येतो. ओहोटीला तिथे उतरलं की एक लाट कोमट, पुढची थंडगार. तो आनंद दोघांनी मिळून घ्यायचा आहे.

पण दोघांसाठी माझी निवड पिको बेट. बेट म्हणजे जवळजवळ एकच पर्वत, २३५१ मीटर, पोर्तुगालमधला सर्वांत उंच. पायवाट साधारण १२०० मीटरवरून सुरू होते, आधी नोंदणी लागते आणि एका वेळी किती जण वर जातील यावर मर्यादा आहे. पायथ्याशी काळ्या बेसाल्टच्या दगडांच्या हजारो छोट्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत द्राक्षवेली. वारा आणि खारं पाणी अडवायला माणसांनी शतकानुशतकं दगड रचले. २००४ पासून तो भाग जागतिक वारसा आहे.

आणि देवमासे. मे हा महिना यासाठीच म्हणतेय. स्पर्म व्हेल तिथे वर्षभर असतात, पण वसंतात निळे देवमासे उत्तरेकडे जाताना या बेटांजवळून जातात. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी! १९८०च्या दशकापर्यंत इथे देवमाशांची शिकार होत असे. कड्यावरच्या टेहळणीच्या खोलीतून माणूस दुर्बिणीने फवारा शोधायचा आणि खाली होड्यांना कळवायचा. शिकार थांबली, पण टेहळणीच्या जागा अजून वापरात आहेत. तसाच माणूस वरून सांगतो, फक्त होडीत आता बघायला आलेले लोक असतात. एका गावाने आपलं कसब टाकून न देता त्याचं काम बदललं. मला त्या बेटाबद्दल सर्वांत जास्त आदर यासाठी वाटतो.

समोर फायाल बेट, बोटीने अर्ध्या तासावर. तिथे कापेलिन्योशला १९५७-५८ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी उफाळला आणि बेटाला नवी जमीन जोडून गेला. जुना दीपस्तंभ राखेत अर्धा गाडलेला उभा आहे. होर्ताच्या बंदरात अटलांटिक ओलांडणारे खलाशी धक्क्यावर आपल्या बोटीचं चित्र रंगवून जातात. चित्र न काढता निघणं अशुभ, अशी त्यांची समजूत.

तुम्हा दोघांच्या आजवरच्या यादीत यासारखं काही दिसत नाही.

रानफूल

अझोर्सला +१. मेमध्ये निळ्या हायड्रेंजियांच्या कुंपणांचा बहर मात्र बघायला मिळणार नाही, तो जूनच्या पुढचा.

उनाडवारा

निळाई, छान लिहिलंत, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथली हवा भरवशाची नाही. एका दिवसात ऊन, धुकं, पाऊस, वारा सगळं येतं. पिकोचं शिखर ढगात असेल तर वर चढून हाताला काही लागत नाही. सेते सिदादिशच्या कठड्यावर जाऊन फक्त पांढरं धुकं बघून परतणारे पुष्कळ असतात. समुद्र खवळला तर देवमाशांची फेरी रद्द. दोन आठवड्यांची सुट्टी अशा हवेवर सोपवावी का? नामिबियात मेमध्ये आकाश निरभ्र असण्याची शक्यता खूपच जास्त.

निळाई

खरं आहे सगळं. म्हणूनच एकेका बेटावर निदान चार-पाच रात्री ठेवायच्या. फेरी आज रद्द झाली तर परवा होते. तुम्ही ज्याला दोष म्हणताय तो मला या जोडीसाठी गुण वाटतो. दोघंही काटेकोर बेत आखून फिरणारे दिसतात. इथे सकाळी खिडकीतून बाहेर बघून दिवस ठरतो. ढग असले तर कुंडात डुंबा, उघडलं तर पर्वत. काहीच जमलं नाही तर चक्क बसून गप्पा मारा. लग्नाच्या धावपळीनंतर असे रिकामे तास मिळणं हीच चैन आहे.

सांजवेळ

निळाईंशी सहमत. खूप फिरलेल्या लोकांना बघायच्या गोष्टी कमी पडत नाहीत. दोघांनी मिळून न ठरवलेला दिवस कमी पडतो.

धीमीगती

एक वेगळा पर्याय. मुक्काम हलतो पण बॅग एकदाच उघडायची: नॉर्वेची किनारी बोट. बर्गेन ते किर्केनेस आणि परत, ३४ बंदरं, पूर्ण फेरी साधारण बारा दिवसांची. १८९३ मध्ये टपालासाठी सुरू झालेली ही प्रवासी-मालवाहतुकीची सेवा आहे, त्यामुळे सजवलेल्या क्रूझचा थाट नाही. रात्री दोन वाजता कुठल्यातरी धक्क्यावर माल उतरतो आणि तुम्ही डेकवरून बघत असता. मेच्या उत्तरार्धात आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर, अगदी उत्तरेकडच्या टप्प्यात गेलात की मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही.

लाटालाटा

समुद्रच हवा असेल तर सेशेल्सचं ला दीग. मेमध्ये वारे बदलायचा काळ, पाणी बरंचसं शांत आणि स्वच्छ. सायकलवर बेट फिरून होतं. शेजारच्या प्रालँवर व्हॅले द मे, जिथे कोको द मेर हे जगातलं सर्वांत मोठं बी लागतं. पण तुम्हा दोघांना चार दिवस पुरे, दोन आठवडे नाही.

औषधपाणी

ठिकाण कुठलंही ठरो, काही गोष्टी सगळ्यांना लागू.

लग्नानंतर नाव बदलणार असाल तर आधी ठरवा की प्रवास कुठल्या नावाने करणार. तिकिटावर, व्हिसावर आणि पासपोर्टवर एकच नाव हवं. सर्वांत सोपं म्हणजे मधुचंद्र जुन्या पासपोर्टवर करायचा आणि नाव परतल्यावर बदलायचं. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची सहा महिने मुदत उरते का, तेही बघा.

फेरो बेटांचा विचार असेल तर लक्षात घ्या, ती डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी तो फेरोसाठीही वैध करून घ्यायचा असतो. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांचंही वेगळं. तिथे व्हिसा लागत नाही, पण नॉर्वेतून जायचं-यायचं असल्याने शेंगेनचा दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. अझोर्स शेंगेनमध्येच येतात.

तब्येतीचं. विषुववृत्ताकडच्या काही देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. लवकर मूल हवं असेल तर झिकाचा (डासांतून पसरणाऱ्या, गर्भाला घातक विषाणूचा) धोका असलेला प्रदेश टाळलेला बरा. तिथून आल्यावर स्त्रीने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने थांबावं असा सल्ला असतो. हा विषय दोघांनी आधी मोकळेपणाने बोलावा, कारण ठिकाणांच्या यादीत तो कुठेच लिहिलेला नसतो.

आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लांबचं विमान पकडू नका. दोन-तीन दिवस झोप काढा.

खगोलप्रेमी

अवांतर, पण विषुववृत्ताचा विषय निघालाय तर लिहितोच. साओ तोमे आणि प्रिन्सिपे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचा बेटांचा देश. त्यातल्या प्रिन्सिपे या चिमुकल्या बेटावर २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी सूर्याजवळच्या ताऱ्यांची छायाचित्रं घेतली. प्रकाश वाकतो या आइन्स्टाइनच्या भाकिताला त्यातून पुष्टी मिळाली. सुंडी नावाच्या ज्या मळ्यावर हे घडलं तिथे आज जाता येतं. बेट घनदाट जंगलाचं आणि अगदी शांत आहे. कोरडा काळ मात्र जूनपासून, म्हणून मेच्या सहलीसाठी मी ते पुढे रेटत नाही. कधीतरी जा, एवढंच.

नकाशावेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी आम्ही हा धागा समोर ठेवून बसलो होतो.

नामिबिया आणि अझोर्स या दोघांवर येऊन थांबलो. आकाशाचं वर्णन वाचून तो पूर्ण नामिबियाकडे झुकला होता. मग मी विचारलं, दिवसाचे किती तास आपण गाडीत असू? त्याने नकाशावर अंतरं मोजली आणि स्वतःच म्हणाला की ही सहल पुढच्या वर्षी, तीन आठवडे काढून करू. लांबच्या रस्त्याच्या सहली आम्ही दोघांनी पुष्कळ केल्या आहेत, एका बेटावर नुसतं राहून बघणं कोणीच केलेलं नाही. म्हणून अझोर्स. हवेचं ऐकून तो उलट खूश झाला. बेत आखण्याची जबाबदारी दोघांच्याही डोक्यावरून उतरली.

चालतेबोलते, कुमानोची वाट मी वहीत लिहून ठेवली आहे. जपानी शिकायला तो तयार झालाय, मग तिथे आम्ही बरोबरीने जाऊ.

आता निळाईंना प्रश्न: साओ मिगेल आणि पिको अशी दोनच बेटं, फायालला दिवसभराची फेरी. आधी कुठलं? आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री कुठे असावं?

निळाई

फार आनंद झाला! आधी पिको. थकून पोचाल, तिथली शांतता लगेच लागू पडेल, आणि देवमाशांसाठी निळ्या पाहुण्यांचा हंगाम जितका लवकर गाठाल तितका बरा. फेरी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच नोंदवा म्हणजे रद्द झाली तर पुढे दिवस हाताशी राहतात. पिकोच्या चढाईची तारीखही अशीच सुरुवातीला धरा, सरकवायला जागा ठेवून. पाय दुखणार आहेत, त्यामुळे फुर्नासची गरम कुंडं त्यानंतर आलेली चांगली.

शेवटच्या दोन रात्री साओ मिगेललाच, तिथल्या मोठ्या शहराजवळ, पोंता देल्गादाजवळ. बेटाबेटांमधली छोटी विमानं धुक्याने आणि वाऱ्याने रद्द होतात, म्हणून पिकोहून निघून त्याच दिवशी मोठं विमान पकडायचं धाडस करू नका. दोन्ही बेटांवर गाडी भाड्याने घ्या आणि ती आताच ठरवा, बेटांवर गाड्या मोजक्याच असतात. राहायला पिकोवर मादालेनाच्या बाजूला बघा. फायालची बोट तिथूनच सुटते आणि द्राक्षांच्या त्या दगडी चौकटी चालत जाण्याइतक्या जवळ आहेत.

उनाडवारा

विंडचीटर दोघांसाठी वेगवेगळे घ्या, एकावर भागणार नाही. आणि परत आल्यावर इथेच लिहा.